नाशिकहून ब्रिटनचा स्पाउस व्हिसा: कागदांचा क्रम आणि तारखांचा हिशेब

नवरा किंवा बायको ब्रिटनची नागरिक आहे, लग्न झाले आहे आणि आता तिकडे कायमचे राहायला जायचे आहे, अशांसाठी हा लेख आहे. या अर्जात घोटाळा होतो तो बहुधा कागद नसल्यामुळे नव्हे, तर चुकीच्या वेळी काढल्यामुळे. कोणी पहिल्याच आठवड्यात मुंबईला जाऊन टीबीची तपासणी करून येते आणि पगाराचे सहा महिने भरेपर्यंत तो दाखला संपतो. कोणी बँक स्टेटमेंट आधी काढून ठेवते आणि अर्ज दोन महिन्यांनी भरते. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

टप्पा १: हाच व्हिसा तुमचा आहे ना, ते ठरवा

जोडीदार ब्रिटिश किंवा आयरिश नागरिक असेल, किंवा त्याच्याकडे तिथे कायम राहण्याची परवानगी (आयएलआर किंवा सेटल्ड स्टेटस) असेल, तर हा मार्ग. तो स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी करत असेल तर तुम्हाला डिपेंडंट व्हिसा लागतो. त्याचे नियम, फी आणि पैशांच्या अटी वेगळ्या आहेत. 'तो दहा वर्षे तिकडेच आहे' एवढ्यावर जाऊ नका. नेमके कोणते स्टेटस आहे ते त्याच्या पासपोर्टवर किंवा ई-व्हिसावर बघा.

दोघांचे वय १८ पूर्ण हवे आणि दोघे प्रत्यक्ष भेटलेले हवेत. लग्न व्हायचे असेल तर फियान्से व्हिसा वेगळा असतो. तो ६ महिन्यांचा असतो, त्यावर नोकरी करता येत नाही आणि लग्न तिकडे करावे लागते.

सावधान: 'आधी व्हिजिटर व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ' हा सल्ला सर्रास दिला जातो. व्हिजिटर व्हिसावरून ब्रिटनमध्ये राहून स्पाउस व्हिसावर जाता येत नाही. परत यावे लागते आणि सगळा अर्ज इथूनच करावा लागतो.

टप्पा २: उत्पन्नाचा हिशेब, सगळ्यात आधी

लग्नाची तारीख धरण्याआधीही हा हिशेब मांडायला हरकत नाही, कारण सगळे वेळापत्रक यावर ठरते. ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंडांची अट आहे. ही रक्कम कर कापण्याआधीची. सोबत मूल जाणार असले तरी ती वाढत नाही.

हे उत्पन्न स्पॉन्सरचे, म्हणजे तिकडच्या जोडीदाराचे. नाशिकमध्ये तुम्ही अंबडच्या कंपनीत कितीही चांगल्या पगारावर असलात तरी इथून अर्ज करताना तो पगार धरला जात नाही. सासऱ्यांचे आयकर विवरणपत्र, द्राक्षबागेचा सातबारा, फ्लॅटचे व्हॅल्युएशन, सीएचे नेटवर्थ सर्टिफिकेट या सगळ्याची फाइल इतर देशांच्या व्हिसासाठी करायची आपल्याकडे सवय आहे. इथे तिचा उपयोग नाही. आई-वडील मदत करतील या आश्वासनावर ही अट पूर्ण होत नाही.

स्पॉन्सर एकाच ठिकाणी ६ महिने किंवा जास्त नोकरीत असेल तर मार्ग सोपा: ६ महिन्यांच्या पे-स्लिप, त्याच ६ महिन्यांची पगार जमा झालेली बँक स्टेटमेंट आणि कंपनीचे पत्र. पत्रात हुद्दा, वार्षिक पगार, किती काळ नोकरीत, हा पगार केव्हापासून आणि नोकरी कायम की कंत्राटी, एवढे सगळे हवे. यातला एक मुद्दा राहिला तरी पत्र परत मागवून घ्या.

इथली सर्वात महाग चूक अशी की सहा महिन्यांतला सरासरी पगार काढला जातो. नियम सर्वात कमी पगार धरतो. महिन्याला साधारण २,४१७ पौंड हवेत. पाच महिने २,४५० आणि एका महिन्यात २,३०० आले, तर हिशेब २,३०० गुणिले १२ म्हणजे २७,६०० असा होतो आणि अर्ज अटीत बसत नाही. असा महिना मध्ये असेल तर तो सहा महिन्यांच्या चौकटीबाहेर जाईपर्यंत थांबा. रोखीत मिळणारा, बँकेत न दिसणारा पगार धरूच नका.

नोकरी बदलून ६ महिने झाले नसतील तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: आजचा पगार २९,००० च्या दराने आहे, आणि मागच्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष २९,००० मिळालेही आहेत. म्हणून अर्जाच्या तोंडावर स्पॉन्सरने नोकरी बदलू नये. पगार वाढत असला तरी पुराव्यांचा गठ्ठा दुप्पट होतो. स्वतःचा व्यवसाय असेल तर पूर्ण आर्थिक वर्षाचे कागद लागतात. तिथे जाणकाराकडून तपासून घेतलेले बरे.

पगार कमी पडत असेल तर बचत जोडता येते. सूत्र असे: कमी पडणारी रक्कम गुणिले अडीच, अधिक १६,०००. पगार २५,००० असेल तर ४,००० कमी पडतात, त्याचे अडीच पट १०,०००, म्हणजे २६,००० पौंडांची बचत दाखवावी लागते. पगार शून्य धरून फक्त बचतीवर जायचे तर ८८,५०० पौंड. मात्र व्यवसायाच्या उत्पन्नात बचत मिळवता येत नाही.

ही बचत दोघांपैकी कोणाच्याही किंवा दोघांच्या नावावर चालते, भारतातल्या खात्यात असली तरी चालते. ती सलग ६ महिने खात्यात हवी. वडिलांनी दिलेली रक्कमही चालते, पण ती उसनी नको आणि ६ महिने तुमच्या ताब्यात असायला हवी. मुदत ठेव मोडून पैसे लगेच काढता येत असतील तर चालते, मग दंड बसला तरी. आपल्याकडे बरीच कुटुंबे पतसंस्थेत ठेवी ठेवतात. त्या ठेवी या पुराव्यासाठी वापरू नका, रक्कम रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालच्या बँकेत ६ महिने आधी हलवा. आणि रुपयांतली बचत काठावर ठेवू नका. रुपयाचा भाव खाली गेला की तीच रक्कम पौंडात कमी भरते.

तपासा: सहा महिन्यांच्या पे-स्लिपवरचा निव्वळ पगार आणि स्टेटमेंटमधली जमा रक्कम, महिन्यागणिक, पेनीपर्यंत जुळते का? जुळत नसेल तर कारण कंपनीच्या पत्रात लिहून घ्या.

टप्पा ३: लग्नाची नोंदणी, स्पॉन्सर परत जाण्याआधी

मुलगा किंवा मुलगी दोन-तीन आठवड्यांच्या रजेवर येते, लग्न, पूजा, त्र्यंबकेश्वर, वणी, कुलदैवत यांत रजा संपते आणि नोंदणी राहून जाते. मग त्या एका सहीसाठी पुन्हा विमानाचे तिकीट काढावे लागते. म्हणून नोंदणीचा दिवस लग्नाच्या तारखेसोबतच ठरवा.

नाशिक शहरात नोंदणी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात होते: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड. गावात ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे. वधू, वर आणि ३ साक्षीदार प्रत्यक्ष लागतात. सोबत वय आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, विधीचा फोटो आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. विभागाप्रमाणे कागदांच्या मागणीत थोडा फरक पडतो, त्यामुळे यादी आधीच घरच्या कोणाला तरी कार्यालयात पाठवून आणून ठेवा. मंदिराचा किंवा विवाह संस्थेचा दाखला सरकारी नोंदणीच्या जागी चालणार नाही.

दोघांचे धर्म वेगळे असतील आणि लग्न विशेष विवाह कायदा, १९५४ खाली करायचे असेल, तर वेळ वेगळा मोजा. नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाने जिल्ह्यात ३० दिवस राहिलेले असावे, हे नाशिककर पूर्ण करतो. नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचे आणि नोटिशीपासून ३ महिन्यांच्या आत लग्न लावायचे. म्हणजे तीन आठवड्यांच्या रजेत नोटीस आणि लग्न दोन्ही बसत नाही. ब्रिटिश नागरिकाकडून अविवाहित असल्याचा दाखला मागितला जातो. तो कोणत्या स्वरूपात हवा हे विवाह अधिकाऱ्याला नोटिशीआधीच विचारा, कारण तो तिकडून आणावा लागतो.

कोणाचे आधी लग्न झाले असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत काढा. ब्रिटनमध्ये घटस्फोट झाला असेल तर अंतिम आदेश लागतो, मधला नाही.

टप्पा ४: नाव एकच ठेवा

मराठी लग्नात हा टप्पा सगळ्यात जास्त गुंता करतो. मुलीच्या पासपोर्टवर माहेरचे नाव, वडिलांचे मधले नाव. पत्रिकेवर वेगळे. ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले असेल तर ते तिसरेच, आणि हौसेने तेच विवाह नोंदणीच्या अर्जावर टाकले जाते. दाखला हातात येतो तेव्हा त्यावरची व्यक्ती पासपोर्टवर कुठेच नसते.

नोंदणी अर्जावर दोघांची नावे पासपोर्टवर आहेत तशीच, त्याच स्पेलिंगने लिहा. दाखल्याची प्रत छापण्याआधी कारकुनाकडून मसुदा वाचायला मागा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर लावून बघा. जन्मतारीख, लग्नाची तारीख, स्थळ यांच्यावरही बोट ठेवून वाचा. छापल्यावर दुरुस्तीला फेऱ्या पडतात.

पासपोर्टवर सासरचे नाव लावायचे असेल तर ते इंग्रजी परीक्षा आणि टीबी तपासणीच्या आधी लावा, नाहीतर व्हिसा हाती आल्यावर बघा. मध्येच नको. परीक्षेचा निकाल आणि टीबी दाखला पासपोर्टच्या नावावर आणि क्रमांकावर निघतात. नाव न बदलताही व्हिसा मिळतो, लग्नानंतर आडनाव बदलणे ही अट कुठेही नाही.

दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. त्यावर भाषांतर अचूक असल्याचे विधान, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. स्वतः केलेले किंवा घरच्यांनी केलेले भाषांतर देऊ नका.

टप्पा ५: इंग्रजीचा पुरावा

पहिल्या अर्जाला ए१, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीचे बोलणे आणि ऐकणे पुरते. मान्य परीक्षा ठरावीक आहेत. आयईएलटीएस द्यायची तर 'लाइफ स्किल्स ए१' निवडा. नेहमीची आयईएलटीएस, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठी देतात ती, कितीही चांगल्या गुणांची असली तरी चालत नाही. 'यूकेव्हीआय' म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा विभागासाठीची मान्य परीक्षा, मान्य केंद्रावर, एवढे बुक करतानाच बघून घ्या. निकाल २ वर्षे चालतो, त्यामुळे ही परीक्षा लवकर उरकली तरी नुकसान नाही.

पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर परीक्षा टाळता येते, पण पुणे विद्यापीठाचे प्रमाणपत्र नुसते जोडून भागत नाही. एक्टिस या ब्रिटिश संस्थेकडून दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी लागते: पदवी तिथल्या पदवीच्या तोडीची आहे आणि ती इंग्रजीत शिकवली गेली. त्यासाठी कॉलेज किंवा विद्यापीठाकडून माध्यमाचे पत्र लागते. ज्यांना चार वाक्ये इंग्रजी बोलता येते त्यांच्यासाठी परीक्षा हाच कमी कटकटीचा रस्ता आहे.

टप्पा ६: घर आणि नाते

घरासाठी स्पॉन्सरचा भाडेकरार किंवा मालकीचा कागद. भाड्याच्या घरात तुम्ही राहायला येणार याला घरमालकाची संमती असल्याचे पत्र घ्या. गर्दीचा नियम कायद्याने ठरलेला आहे: राहण्या-झोपण्याच्या १ खोलीत २ माणसे, २ खोल्यांत ३, तीन खोल्यांत ५. बैठकीची खोली यात धरली जाते. १ ते १० वर्षांचे मूल अर्धे, त्याहून लहान असेल तर मोजत नाहीत. सासू-सासरे, दीर सगळे एकत्र राहत असतील तर घराचा तपासणी अहवाल काढलेला चांगला.

नात्याच्या पुराव्यात नेमकेपणा ठेवा. ठरवून झालेले लग्न असेल तर ते तसेच स्पष्ट लिहा: ओळख कशी झाली, कोण कोणाला केव्हा भेटले, साखरपुडा कधी, लग्न कधी. तारखा दोघांच्या पत्रात सारख्या हव्यात. पंधरा-वीस फोटो पुरतात, प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते. अल्बम चढवू नका. एकमेकांना भेटायला केलेल्या प्रवासाची तिकिटे, पासपोर्टवरचे शिक्के, लग्नानंतरच्या कॉलची यादी, पैसे पाठवल्याच्या नोंदी द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे मराठीत असेल तर त्याचेही भाषांतर लागते. म्हणून पानेच्या पाने न देता निरनिराळ्या महिन्यांतली मोजकी पाने निवडा. कॉलच्या यादीला भाषांतर लागत नाही.

सावधान: स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेल्या 'आमचे लग्न खरे आहे' अशा प्रतिज्ञापत्रांवर पैसे घालवू नका. या अर्जाला एपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून घेतलेला सरकारी शिक्का) लागत नाही आणि पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही लागत नाही. कोणी या तिन्हींचे पॅकेज विकत असेल तर त्याला अर्जाचा नियम दाखवायला सांगा.

टप्पा ७: टीबीची तपासणी

भारतातून ६ महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्यांना ही सक्तीची आहे. ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या क्लिनिकचाच दाखला चालतो. नाशिकच्या हॉस्पिटलमधला छातीचा एक्स-रे, कितीही स्वच्छ असला तरी, चालत नाही. मुंबईत मान्य क्लिनिक आहेत, सरकारी संकेतस्थळावरची यादी बघून वेळ घ्या. दाखला ६ महिने चालतो. म्हणून ही तपासणी अर्जाच्या साधारण दोन-अडीच महिने आधी करा. त्याहून उशीर नको, कारण एक्स-रेमध्ये काही शंका आली तर थुंकीची तपासणी होते आणि तिच्या निकालाला ८ आठवडेही लागू शकतात. गरोदर असाल तर वेळ घेतानाच सांगा.

टप्पा ८: शेवटचे २८ दिवस

अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन फी भरल्याची तारीख. पगाराचे पुरावे त्या तारखेच्या आधीच्या २८ दिवसांत संपणारे हवेत. म्हणून स्पॉन्सरचा सहावा पगार खात्यात जमा झाला की लगेच कामाला लागा. पहिल्या आठवड्यात शेवटची पे-स्लिप, बँक स्टेटमेंट आणि कंपनीचे ताजे पत्र. ऑनलाइन काढलेल्या स्टेटमेंटच्या प्रत्येक पानावर बँकेचा शिक्का घ्या, किंवा ती खरी असल्याचे बँकेचे पत्र जोडा. दुसऱ्या आठवड्यात सगळे कागद स्कॅन करून एकत्र वाचा. तिसऱ्यात फी भरा. शेवटचा आठवडा गरज पडली तर हाताशी ठेवा.

टप्पा ९: अर्ज आणि फी

अर्ज ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरच भरायचा. मागे कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर ते लिहा, दहा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी व्हिसा असला तरी. नकार मिळालेला असणे फारसे नडत नाही, लपवणे मात्र नडते. खोटी माहिती दिल्याचे ठरले तर १० वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

एप्रिल २०२५ च्या दराने फी १,९३८ पौंड होती. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, ३३ महिन्यांच्या व्हिसासाठी पूर्ण तीन वर्षे धरून एकूण ३,१०५. मिळून ५,०४३ पौंड, एकदम. दर बहुधा एप्रिलमध्ये बदलतात, तेव्हा भरण्याच्या दिवशीचा आकडा बघा. भारतीय कार्डाची परदेशी व्यवहाराची मर्यादा आड येते, म्हणून स्पॉन्सरने तिकडच्या कार्डाने भरलेले सोयीचे. व्हिसा नाकारला तर आरोग्य अधिभार परत मिळतो, फी मिळत नाही.

टप्पा १०: बोटांचे ठसे

व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या केंद्रात, मुंबईत किंवा पुण्यात. वेळ घेतल्यावर कागद आदल्या दिवसापर्यंत त्यांच्या संकेतस्थळावर चढवा, विभागवार आणि वाचता येतील अशा नावांनी: 'पेस्लिप_१_ते_६', 'विवाह_दाखला_भाषांतरासह'. केंद्रात स्कॅन करून घेण्याचे वेगळे पैसे पडतात आणि पाने उलटसुलट होतात.

बोटांच्या टोकांवर मेंदी किंवा जखम नको. लग्नाला किंवा मंगळागौरीला काढलेली मेंदी पूर्ण जाईपर्यंत थांबा किंवा वेळ त्या बेताने घ्या. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणार असाल तर सकाळी ९-१० ची वेळ घेऊ नका. पावसाळ्यात गाडीने जाणाऱ्यांनी कसारा घाटाचा उशीर धरून निघावे.

टप्पा ११: निकाल आणि पुढच्या तारखा

नेहमीच्या अर्जाला १२ आठवड्यांपर्यंत धरा. जादा फी भरून प्राधान्याने निकाल मागता येतो. निकाल येईपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नका आणि परत न मिळणारे तिकीट काढू नका. मिळाल्यावर यूकेव्हीआयचे खाते उघडून ई-व्हिसा पासपोर्टला जोडला आहे ना, आणि नाव व जन्मतारीख बरोबर आहे ना, ते नाशिकमध्ये असतानाच तपासा.

नाकारला गेला तर नकाराच्या पत्रातले कारण वाचून ठरवा. नियमांत न बसणारा कागद होता, तर तो दुरुस्त करून नवा अर्ज करणे बहुधा लवकर होते. कागद सगळे बरोबर असून चुकीचे वाचले गेले असतील तर अपील करता येते, भारतातून मुदत २८ दिवसांची. अपिलासाठी सल्लागार नेमला तर तो ब्रिटनच्या इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेला आहे किंवा तिथला सॉलिसिटर आहे, हे नावानिशी तपासा.

व्हिसा ३३ महिन्यांचा असतो. नोकरी करता येते, सरकारी भत्ते घेता येत नाहीत. तो संपण्याआधी ३० महिन्यांची मुदतवाढ घ्यायची, तेव्हा ए२ पातळीचे इंग्रजी दाखवावे लागते, आणि ५ वर्षे झाली की कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो. मुदतवाढीला दोघे एका घरात राहत असल्याचे पुरावे लागतात. तेव्हा पोहोचल्यापासून कौन्सिल टॅक्स (तिथला घराचा स्थानिक कर), वीजबिल, बँकेचे खाते यांवर दोघांची नावे लावा, आणि दर काही महिन्यांचे एखादे पत्र फाइलला लावून ठेवा.